दहा फूट मागे

"बाई, अजून मागे या. अजून थोड्या. हं, आता बघा," पेंटर म्हणाला.

कोपऱ्यात सकाळीच रंगवून झालेली एक निळी गाडी उभी होती. बाईंनी ती लांबून बघितली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"अगदी नवी दिसते की हो!"

"आता जवळ या."

जवळ गेल्यावर बाईंना रंगात अडकलेले धुळीचे कण दिसले. दार उघडलं, तर आतल्या कडा जुन्याच, पिवळ्या.

"स्वस्तातला रंग म्हणजे हा," तो म्हणाला. "दहा फुटांवरून नवरी, जवळून नवरीची आई. पोचे पुट्टीनं भरतो, पण हात फिरवलात तर कळणारच. दारांच्या आत रंग मारत नाही. दोन-तीन वर्षं चकाकी टिकेल, मग उतरणीला लागेल. पटत असेल तर गाडी सोडा. मागाहून तोंड वाकडं करायचं नाही."

गिऱ्हाइकाला आधी दहा फूट मागे नेऊन मग जवळ आणायचं, ही त्याची चौतीस वर्षांची रीत. गॅरेजमध्ये त्याला सगळे दहाफुटेच म्हणत. नव्या गिऱ्हाइकांना ते आडनाव वाटे आणि ती 'दहाफुटेसाहेब' अशी हाक मारत. तोही बिनदिक्कत ओ देई.

बाई गाडी चालवायला शिकवत. त्यांची लाल गाडी उन्हाने विटून गेली होती आणि बावीस वर्षांत शिकाऊंनी दिलेले पोचे ती अंगावर मिरवत होती. मागच्या, डिकीच्या दारावर जाड रंगातली मोठी अक्षरं होती : 'सावकाश! शिकणारा आत आहे.'

"हल्ली गाडी बघूनच लोक परत जातात," बाई म्हणाल्या. "म्हणतात, हिच्याकडे शिकून गाडीची ही गत होते, तर आमची काय होईल! पांढरी करा. ती अक्षरंही काढा, नवी पाटी लावीन."

"चार दिवसांनी या," दहाफुटे म्हणाला. त्याने पत्रा ठोकणाऱ्या डेंटरला हाक मारली आणि दोघांनी मिळून गाडी आत ढकलली.

त्या गॅरेजमध्ये गाड्या ढकलतच आत-बाहेर करायच्या, हा नियम होता. नियम दहाफुट्याचा. "इंजिनाचा धूर रंगावर बसतो, चकाकी मरते," असं तो इतक्या ठामपणे सांगे की शेजारच्या दोन गॅरेजवाल्यांनीही गाड्या ढकलायला सुरुवात केली होती. खरी गोष्ट फक्त त्याच्या बायकोला ठाऊक होती. चौतीस वर्षांत हजारो गाड्या रंगवलेल्या या माणसाला गाडी चालवताच येत नव्हती. तरुणपणी एकदा तो स्टिअरिंगवर बसला होता आणि गाडी थेट भिंतीत घातली होती. पुढे 'येत नाही' म्हणायची लाज वाटली. मग ती लाज झाकायला धूर सापडला.

"अहो, सांगून टाका एकदाचं," बायको म्हणायची. "जगाला उपदेश करता, आधी खरं सांगावं म्हणून!"

दुसऱ्या दिवशी गॅरेजच्या मालकाने सगळ्यांना बोलावलं. वयाने तो दहाफुट्याच्या मुलासारखा होता.

"पंधरा दिवसांनी आपण नव्या जागेत जातोय. रंगाची खोली वर आहे, आवारातला चढ चढून. तिथं ढकलाढकली जमणार नाही. काका, तुमचा तो धुराचा नियम आता बास. ज्यानं रंगवायची, त्यानंच गाडी वर न्यायची. ज्याला जमणार नाही, त्यानं आत्ताच सांगावं, म्हणजे मी दुसरा पेंटर बघतो."

दहाफुट्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो मान हलवून कामाला लागला. दिवसभर हात चालत होते, पण मन त्या चढावर अडकलं होतं. बाईंच्या गाडीची अक्षरं त्याने पातीने खरवडली आणि वर रंग मारला. रंगाआधी तो नेहमी डोळे मिटून पत्र्यावर तळवा फिरवी, कुठे उंचवटा राहिला का ते बघायला. त्या दिवशी तेवढं राहून गेलं.

चौथ्या दिवशी बाई आल्या. त्यांनी किल्ली त्याच्या हातात ठेवली.

"उन्हात घ्या बघू बाहेर. मी दहा फुटांवर उभी राहते!"

"ढकलतो ना. ताज्या रंगावर धूर बसला की चकाकी..."

"धूर मागच्या नळीतून निघतो, पेंटर. आणि गाडी तर पुढे जाणार आहे." बाई क्षणभर त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांचं निम्मं आयुष्य घाबरलेल्या माणसांच्या शेजारी बसण्यात गेलं होतं. "किल्ली उलटी धरली आहे तुम्ही," त्या हळूच म्हणाल्या.

दहाफुट्याने मान खाली घातली. डेंटरने आणि त्याने गाडी बाहेर ढकलली. तिरपं ऊन मागच्या दारावर पडलं आणि पांढऱ्या रंगाखालून एकेक अक्षर उठून दिसायला लागलं. 'सावकाश! शिकणारा आत आहे.' काढलेल्या अक्षरांच्या कडा घासायच्याच राहिल्या होत्या.

त्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बाकी सगळं तो गिऱ्हाइकाला आधी सांगे, पण हे त्या यादीत बसणारं नव्हतं. ही शुद्ध चूक होती.

"बाई, माझी चूक आहे. परत घासून देतो, काही न घेता. त्या दिवशी डोकं ठिकाणावर नव्हतं." आणि मग त्याच्या तोंडून भडाभडा सगळंच बाहेर पडलं. भिंत, धूर, चढ, दुसरा पेंटर. डेंटर शेजारीच उभा होता.

"म्हणजे चौतीस वर्षं मी उगीच ढकलतोय?" डेंटर म्हणाला आणि मटकन टायरवर बसला. मग तो इतका हसला की दहाफुट्यालाही हसू आवरेना. हसता हसता त्याचे डोळे भरून आले. इतकं हलकं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

बाई दहा फूट मागे गेल्या आणि परत आल्या.

"राहू दे अक्षरं," त्या म्हणाल्या. "पाटीचा खर्च वाचला. उद्यापासून जेवणाच्या सुट्टीत बसा माझ्या शेजारी. तुम्ही मला आधीच खरं सांगितलंत, मीही सांगते : पहिले चार दिवस गाडी सारखी बंद पडेल, पाचव्या दिवशी तुम्ही मला शिव्या द्याल, आणि दहाव्या दिवशी आपल्याला येतं असं उगीचच वाटेल. तेव्हा जपायचं."

झालंही तसंच. फक्त शिव्या त्याने तिसऱ्याच दिवशी दिल्या, त्याही गिअरला.

नव्या जागेतला पहिला दिवस उजाडला. चढ वाटला होता त्याहून उभा होता. मालक वरच्या दारात हात बांधून उभा. परवाच बाईंच्या एका नव्या शिकाऊने त्या पांढऱ्या गाडीला पोचा दिला होता, म्हणून पहिली गाडी तीच होती. बाई शेजारच्या सीटवर बसल्या. त्यांच्या पायाशी त्यांचा वेगळा ब्रेक होता.

गाडी निघाली, निम्म्यावर गेली, आचका देऊन बंद पडली आणि हातभर मागे घसरली. दहाफुट्याने ब्रेक दाबला. त्याने बाईंच्या पायांकडे बघितलं. त्यांनी दोन्ही पाय सीटखाली मागे घेतले होते आणि त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

गाडी अडलेली दिसताच खालून डेंटर आणि आणखी दोघं बाह्या सरसावून धावले. जुनी सवय. त्यांचे हात गाडीला टेकणार, एवढ्यात दहाफुट्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"हात लावू नका! दहा फूट मागे व्हा!"

तिघं मागे सरले. त्याने गाडी पुन्हा चालू केली. नळीतून धुराचा एक लोट निघाला आणि गाडी हळूहळू वर जायला लागली. तिच्या पाठीवर सकाळचं ऊन पडलं होतं. डेंटरला खालूनही अक्षरं वाचता आली.