उस्तादांचं बोट

फाटक वाजलं की चौदा महिन्यांची नात रांगत दाराशी यायची. उस्ताद खाली बसायचे, ती त्यांचं बोट धरायची आणि थेट तोंडात घालायची! दात येत होते ना. कितीही रडत असो, आजोबांचं बोट मिळालं की गप्प. सून कौतुकाने म्हणायची, "बाबा, तुम्ही घरी नसलात की हिला कसं आवरायचं हो?" उस्तादांची छाती वितभर फुगायची.

उस्ताद नेमबाजी केंद्रातल्या बंदुका सांभाळायचे. सराव संपला की सगळ्या बंदुका त्यांच्या टेबलावर. आधी सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे मळ विरघळवणाऱ्या द्रवात, भिजवलेलं फडकं, मग गज घालून नळी साफ, शेवटी तेलाचा हात. सव्वीस वर्षं हेच काम, आणि तेही उघड्या हातांनी. केंद्राने दिलेले हातमोजे कपाटात धूळ खात पडले होते. "मोजे घातले की नळीत काय अडकलंय ते कळत नाही," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. काळं झालेलं सॉल्व्हंट ते मोरीत ओतायचे आणि त्याच कपड्यांत घरी यायचे. मंडळी, आपणही असंच करतो की नाही? सवय जुनी झाली की ती आपल्याला अक्कल वाटायला लागते!

मग नात जेवेनाशी झाली. चेहरा पांढराफटक, सारखी किरकिर. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि अहवाल हातात घेऊन विचारलं, "हिच्या रक्तात शिसं सापडलंय. घरात जुना रंग उडालाय का? कुणी बॅटऱ्यांचं काम करतं?"

"नाही हो," सून म्हणाली. "पण शिशाने होतं काय?"

"लहान मुलांच्या मेंदूला धोका असतो. वेळीच थांबवलं तर बरं. कुठून जातंय ते आधी शोधा."

उस्ताद मागे उभे होते. गोळी कशाची असते, हे त्यांना कुणी सांगायला हवं होतं का? त्यांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. नखांच्या कडा काळ्या होत्या. त्यांनी हात खिशात घातला.

दोन दिवस ते भीतीने अर्धे झाले. सून वेड्यासारखी शोधत होती. तिने खेळणी फेकली, जुनी भांडी काढून टाकली, भिंती ओल्या फडक्याने पुसल्या. नात रांगत आली की उस्ताद न्हाणीघरात शिरून कडी लावायचे, आणि ती बाहेर दार थापटत रडायची. तिसऱ्या दिवशी सून म्हणाली, "सापडेपर्यंत मी हिला माहेरी घेऊन जाते." सांगितलं तर ही पोर पुन्हा कधी माझ्या मांडीवर देतील का?

ते तडक थोरल्या बहिणीकडे गेले. ताईने शाळेच्या प्रयोगशाळेत आयुष्य काढलं होतं. सगळं ऐकून ती म्हणाली, "अरे, लपवतोस कुणापासून? ती भिंती पुसतेय आणि तू खिशात हात घालून बघतोयस!"

"मला भीती वाटते गं, ताई."

"वाटायलाच हवी. पण ती पोरीसाठी वाटू दे, स्वतःसाठी नको. आणि ते काळं पाणी मोरीतून जातं कुठे, कधी विचार केलास?"

"मागच्या नाल्यात."

"म्हणजे नाल्याकाठच्या पोरांना विष पाजणारा आजोबाही तूच!" ताई कडाडली. "बिनविषारी क्लीनर मिळतात, वनस्पतींपासून केलेलं तेल मिळतं. ते वापर."

"आणि ऐन स्पर्धेत बंदूक अडकली तर?"

"तर आधी एकीवर करून बघ. पण नीट ऐक, नुसती बाटली बदलून भागणार नाही. शिसं गोळीतच असतं. मोजे घाल, कपडे तिथेच बदल, घाण फडकी आणि मळकं पाणी वेगळ्या बंद डब्यात ठेव आणि घातक कचरा नेणाऱ्यांच्याच हाती दे."

त्या दुपारी उस्तादांनी सुनेला सगळं सांगितलं. ती हळूच म्हणाली, "दोन दिवस बाबा? दोन दिवस तुम्ही नुसते बघत होतात?" ती लेकीला घेऊन माहेरी गेलीच.

उस्तादांनी सगळ्यांत जुनं, सगळ्यांत खोडकर पिस्तूल निवडलं. मोजे घातले. नव्या क्लीनरने नळी पुसली, नवं तेल अगदी थेंबभर लावलं. घासायला जरा जास्त वेळ लागला, तेवढंच. मग केंद्रातल्या प्रशिक्षकांनी त्यातून एकेक करत शंभर गोळ्या झाडल्या. प्रत्येक आवाजाला उस्तादांचा श्वास अडकत होता, पिस्तूल मात्र एकदाही अडकलं नाही! सॉल्व्हंटचे डबे त्यांनी स्वतः उभं राहून घातक कचरा नेणाऱ्यांच्या हवाली केले. घरचं जुनं अंथरूण, कपडे, पायपुसणी, सगळं बदललं.

दोन महिन्यांनी दुसरा अहवाल आला. शिसं उतरत होतं. "पण तपासण्या चालू ठेवायच्या," डॉक्टरीणबाईंनी बजावलं. त्याच संध्याकाळी सून लेकीला घेऊन परतली.

फाटक वाजलं. उस्ताद केंद्रातच आंघोळ करून, कपडे बदलून आले होते. नात आता चालत होती. धडपडत दाराशी आली, त्यांचं बोट धरलं, नाकाशी नेलं आणि थबकली. ओळखीचा तेलाचा वास नव्हता! ती त्यांच्या तोंडाकडे परक्यासारखी बघत राहिली. उस्तादांचे डोळे भरून आले.

"राहू दे," ते सुनेला म्हणाले. "नव्याने ओळख करून घेईन."

सुनेने लेकीला उचललं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं.

मंडळी, कामावरची घाण कामावर राहत नाही. ती आपल्या हातांवर बसून घरी येते, मोरीतून दुसऱ्याच्या दारी जाते. आपल्याला भीती वाटते तेव्हा हात खिशात घालू नका. ते धुवा, आणि कशाने माखले होते ते घरच्यांना सांगा.