दादाचा अर्ज

मृत्यूनोंदणीची खिडकी बंद होऊन वर्ष उलटलं होतं. त्या खिडकीमागे ज्याची हयात गेली तो कारकून आता वरच्या मजल्यावर पडद्यासमोर बसायचा. लोक घरूनच मोबाइलवर अर्ज भरायचे. त्याने नाव, वय, डॉक्टरांचा दाखला जुळवून पाहायचा आणि ‘मंजूर’ दाबायचं. खिडकीवर लोक रडायचे, भांडायचे, चुकीची तारीख सांगायचे. आता समोर कुणीच नसायचं. “बरंच झालं, डोक्याला ताप नाही,” असं तो बायकोला सांगायचा.

त्या दिवशी त्याने चहाचा कप टेबलावर ठेवला, पुढचा अर्ज उघडला आणि त्यावर दादाचं नाव होतं. थोरला, सख्खा भाऊ. आईच्या आजारपणात दोघांची बोलाचाली झाली, तेव्हापासून येणंजाणं तुटलं होतं.

त्याने वडिलांचं नाव वाचलं. आईचं वाचलं. पत्ता वाचला, नवाच होता. कारण, हृदयविकार. अर्जदार, मुलगा.

“अहो, अडकलं का काही?” शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं. “अर्ज लाल झालाय तुमचा.” उशीर झाला की अर्ज लाल व्हायचा.

“बघतोय.”

“चूक असेल तर परत पाठवून द्या.”

त्याने चूक शोधली. पुतण्या लहानपणी भलता धांदरट, शाळेत स्वतःचं आडनाव चुकवायचा. पण अर्जात काना-मात्रेचीही चूक नव्हती. त्याने ‘मंजूर’ दाबलं. पुढचा अर्ज आपोआप समोर आला. तोही त्याने पाहिला. सुटायच्या वेळेपर्यंत तो एकामागून एक अर्ज पाहतच राहिला.

घरी त्याने सांगितलं तेव्हा बायकोने हातातलं काम बाजूला ठेवलं. “कुणी कळवलं?”

“कुणी नाही. कामात आलं.”

“आणि तुम्ही दिवसभर तिथेच बसलात?”

“मग काय करणार होतो?”

तिनेच पुतण्याला फोन लावला आणि याच्या हातात दिला.

“काका,” पलीकडून आवाज आला, “कळवणारच होतो, पण धीर होईना. म्हटलं, नोंदणीला यावं लागेल तेव्हा खिडकीवर तुमची गाठ पडेल, तिथेच सांगू. पण यावंच लागलं नाही. घरबसल्या झालं.”

“हो. आता तसंच होतं.”

“घर बदललंय आम्ही. पत्ता पाठवू?”

“नको. आहे माझ्याकडे.”

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो गेला. वहिनीने दार उघडलं, “या भाऊजी,” म्हणाली आणि खुर्ची पुढे सरकवली. त्याला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. खालून गाड्यांचे आवाज येत होते. दोघं दुपारपर्यंत तशीच बसून राहिली.