मेणाखाली घुसमटलेला कोबा

मी एक जुना कोबा आहे, मित्रांनो. जर्मनीतल्या एका लहान गावात, चर्चच्या तळघरात मी पसरलो आहे. एका मठवासी कारागिराने जिप्सम भाजून, कालवून मला ओतले. मी अर्धवट घट्ट झालो असतानाच त्याने टोकदार सळईने माझ्यावर दिवा घेतलेली एक बाई कोरली आणि रेघांत काळी लुकण भरली. त्यानंतर मला गाढ झोप लागली. वर प्रार्थना चालत, घंटा वाजत. ते सारे मला पाण्याखालून ऐकू आल्यासारखे वाटे. किती शतके गेली कोण जाणे.

मग इर्मट्राउटबाई आल्या. नवरा गेल्यापासून दर शनिवारी त्या गुडघे टेकून मला मेण लावत आणि लोकरीच्या फडक्याने घासत. त्या गावात ज्या घरची जमीन चकाकत नाही, त्या घरच्या बाईला लोक नावे ठेवतात. हे तर देवाचे घर! मी लखलखू लागलो. पाहुणे वाहवा करत. मलाही मिरवायला आवडे, खोटे कशाला बोलू?

पण मातीतली ओल वर चढे आणि मेणाखाली अडकून बसे. माझे पापुद्रे सुटू लागले. दिवेवालीची हनुवटी गेली. घाबरून इर्मट्राउटबाईंनी आणखी मेण थापले.

शेवटी गावाने जुन्या वास्तू जपणाऱ्या वीबकेला बोलावले. तिने बोटाने टकटक करून मला कान लावला.

“आजी, मेण थांबवा. श्वास कोंडलाय त्याचा.”

“आणि ईस्टरला हा असा भुरकट दिसू दे? गाव शेण घालेल माझ्या तोंडात!”

“घालू दे. आणखी मेण लावलंत, तर या दिवेवालीचा चेहराच उरणार नाही.”

“म्हणजे... मीच खाल्लं हिला?”

वीबकेने आजींना बसायला खुर्ची दिली.

थंडीभर ती मेण उतरवत राहिली. ओल हळूहळू बाहेर पडली. सुटलेले पापुद्रे तिने जागच्या जागी चिकटवले. हनुवटी परत आली नाही, पण डोळे वाचले.

ईस्टरच्या आदल्या दिवशी इर्मट्राउटबाई एकट्याच खाली आल्या. पिशवीत मेणाचा डबा होता. त्यांनी गुडघे टेकले, झाकण उघडले, बोटभर मेण घेतले. ओरडायला माझ्याजवळ आवाज नाही, मित्रांनो. इर्मट्राउटबाई दिवेवालीच्या डोळ्यांकडे बराच वेळ बघत राहिल्या.

“भुरकट तर भुरकट,” त्या म्हणाल्या. “तू राहा, बाई.”

आणि ते मेण त्यांनी स्वतःच्या भेगाळलेल्या हातांना चोळले.

तुम्हीही या, मित्रांनो. हळू चाला, हवे तेवढे बघा. फक्त मला चकाकवू नका.