धाकटीची बोटं

पार्लर दोघी बहिणींचं होतं. गल्ला आणि गोड बोलणं थोरलीकडे, कात्री धाकटीकडे. गिऱ्हाइकं यायची ती धाकटीच्या हातासाठी, हे दोघींनाही ठाऊक होतं. बोलत मात्र कुणीच नव्हतं.

थोरलीच्या टाचेला चामखीळ झाली तेव्हा तिला डॉक्टरकडे जायला सवड नव्हती. शटर ओढलं की ती पाय पुढे करायची आणि धाकटी निमूटपणे टाच घासून द्यायची. काही महिन्यांनी धाकटीच्या उजव्या हाताला, नखांच्या कडेकडेने, खरखरीत दाणे उठले.

थोरलीने तिला लगेच मागच्या खोलीत धाडलं. हातमोजे घालून टॉवेल धुवायचे, कंगवे उकळायचे. बरी झालीस की खुर्ची तुझीच, असं ती वर म्हणाली.

चामखिळी जाळल्या, त्या पुन्हा आल्या. मग त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी दुसरा उपाय काढला: नागिणीवर देतात तेच विषाणूंवरचं औषध थेट चामखिळीत टोचायचं. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही आणि दुखेल, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. नखाच्या कडेला सुई शिरली तेव्हा धाकटीच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. औषध आत जाताना चामखीळ पांढरीफटक पडून फुगायची, मग घरी जाईपर्यंत बोट ठणकत राहायचं. काही आठवडे गेले की पुन्हा तेच. सोबतीला कुणी नसायचं. दुकानात गर्दी आहे, असं थोरली दर वेळी सांगायची. ही चामखीळ कुठून लागली, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हा धाकटीने कामातून लागली असेल म्हणून वेळ मारून नेली.

औषधाला गुण आला. चामखिळी काळवंडल्या, सुकल्या, एकेक करून गळून पडल्या. धाकटी धुतल्या तांदळासारखे हात घेऊन दुकानात गेली, तर तिच्या खुर्चीमागे एक नवी मुलगी उभी. थोडं दमानं घे, थोरली म्हणाली. धाकटीने दमानं घेतलं. टॉवेल धूत राहिली.

मग एकदा औषधाच्या दुकानात जुनं गिऱ्हाईक भेटलं. त्या बाई तिच्यापासून हातभर लांब उभ्या राहिल्या आणि हळहळल्या. तुझा त्वचेचा रोग आता कायमचाच, असं तुझी ताई सांगत होती, म्हणाल्या.

धाकटी तडक पार्लरमध्ये आली. थोरली आरशापुढे बसून हिशेब बघत होती.

"ताई, मी बरी झालेय हे तुला माहीत होतं."

"लोकांना काहीतरी सांगावंच लागतं. तुझ्या वाट्याच्या निम्म्या पगारात नवीचं भागतं, आणि ती उलट बोलत नाही."

"मला ते तुझ्या टाचेमुळे झालं. मी आजवर कुणाला बोलले नाही."

थोरलीने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता कंटाळा होता.

"बोल की. पाय कोण बघतं?"

धाकटीने खणातली आपली कात्री उचलली आणि ती बाहेर पडली. आता ती गावाच्या दुसऱ्या टोकाला एका परक्या पार्लरमध्ये केस कापते. हात चांगला आहे, असं मालकीण म्हणते. आईचा फोन येतो. सख्ख्या बहिणी तुम्ही, किती ताणायचं, असं ती विचारते. धाकटी सगळं ऐकून घेते आणि गिऱ्हाईक आलंय म्हणून फोन ठेवते. कधीकधी गिऱ्हाईक आलेलं नसतं.