सध्यापुरतं

"टोक म्हणायचं का याला! नुसतं फावडं," शेजारच्या खुर्चीतून बाई पुटपुटल्या, आणि तिनं ती बोटभर उरलेली लाल पेन्सिल त्यांच्याकडून घेऊन शार्पनरमध्ये फिरवली — सकाळपासून तिसऱ्यांदा. जन्ममृत्यूच्या नोंदणी खात्यात अलीकडे सगळ्यांनाच बाईंच्या हातात काही ना काही द्यायची सवय लागली होती... चष्मा, फाईल, अर्धवट सुटलेलं वाक्य. त्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नसे.

पुढ्यात कालचा अहवाल. इतकी वर्षं सगळे काचेपलीकडच्या मेनफ्रेमच्या, त्या जुन्या अवाढव्य संगणकाच्याच नावानं बोटं मोडत आलेले, की म्हातारीचा जीव स्वतःचा पसारा आवरण्यातच जातो — आणि आता हे! प्रोसेसर शंभर मिनिटं राबला, तर त्यातली चौसष्ट याच खोलीत लिहिलेल्या प्रोग्रॅमांसाठी. म्हणजे आपल्याच. त्यातलीही एकेचाळीस एकट्या ‘सध्यापुरतं’ची. सत्तावीस वर्षांपूर्वी बाईंनी महिनाभराची सोय म्हणून लिहिलेला, म्हणून हे नाव. आणि तो अजून रोज दुपारी दोनला निघतो, फक्त बदललेल्या नोंदी बघून शहाण्यासारखा परतत नाही, तर पहिल्या माणसापासून शेवटच्यापर्यंत साठ लाख दारांशी थांबतो. माझ्या, माझ्या आईच्या, लेकीच्या... आहात ना? आहात ना? — आपण इकडे डबा उघडत असताना कुणीतरी रोज आपली हजेरी घेत होतं, आणि आपल्याला पत्ताही नव्हता.

"बंद करायचा का, ते संध्याकाळपर्यंत सांगा," साहेब म्हणून गेले होते. उगाचच फिरत असेल तर बंद केलेला बरा. पण त्या फेरीला कारण असेल, तर बंद केल्यावर कुणाचं तरी नाव गळायचं... आणि ते कारण फक्त बाईंना ठाऊक.

बाईंची पेन्सिल ‘सध्यापुरतं’च्या छापील ओळींवरून सावकाश उतरत होती. "कुणी लिहिलंय गं? हात सुरेख आहे."

"काय बाई, थट्टा करता गरिबाची!" ती हसली. नेहमीसारखं पुढचं वाक्य पुरवायला तोंड उघडलं, पण पुरवणार काय — हे वाक्य तिच्याकडे कुठे होतं?

काचेपलीकडे घरघर चढली. दोन वाजले.

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

"मीच ना?" त्या म्हणाल्या. "मला आठवत नाही गं. हल्ली काहीच आठवत नाही."