मुख्य तुकडा

घटस्फोटात शहाणी माणसं घर मागतात, गाडी मागतात. मी आणि डेल्बर्टने एका दगडावरून दोन वकील पोसले. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी आमच्याच गोठ्याचं छप्पर फोडून पडलेली उल्का, चारशे बारा ग्रॅम. न्यायाधीशबाई वैतागून म्हणाल्या, करा बाबांनो दोन भाग. कापायला डेल्बर्टच बसला, कारण अख्ख्या ॲरिझोनात त्याच्यासारखी दगडाची करवत कुणाला चालवता येत नव्हती. दहा ग्रॅमचा भुगा झाला. माझ्या वाट्याला एकशे नव्व्याण्णव ग्रॅम आले, त्याच्या वाट्याला दोनशे तीन. मेल्याने मुद्दाम केलं, हे मी तेव्हाच म्हटलं होतं.

तुम्ही म्हणाल, चार ग्रॅमचं काय एवढं? आम्हा उल्का जमवणाऱ्यांत एका उल्केचे शंभर तुकडे झाले तरी मान सगळ्यात मोठ्या तुकड्याला. त्याच्या कार्डावर ‘मुख्य तुकडा’ असं लिहितात, बाकीचे सगळे किरकोळ. एकोणीस वर्षं दर फेब्रुवारीत टूसॉनला मोटेलच्या खोल्याखोल्यांतून भरणाऱ्या दगडांच्या बाजारात डेल्बर्ट ते कार्ड बरोबर माझ्या तोंडासमोर येईल असं मांडत आला. अक्षर मोत्यासारखं, त्याचाही माज. मला आयुष्यात एकच गोष्ट बघायची होती. त्याच अक्षरात, त्याच्याच हाताने लिहिलेलं, ‘मुख्य तुकडा रोवीनाकडे’. स्वर्गाचं नंतर बघू.

यंदा मी आधी लाहसनकडे गेले. तो मोरोक्कोतल्या एरफूदहून उल्का विकायला येतो आणि दरवर्षी मोटेलची तीच खोली घेतो, पलंग भिंतीला उभा करून टेबलं मांडतो. माझ्यापुढे एक गृहस्थ टोपलीभर काळे गोळे घेऊन उभे होते. आजोबांनी पडताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेत म्हणे. लाहसनने एकेक गोळा उचलून पाहिला आणि लोखंडाच्या भट्टीतली मळी आहे, फार सुंदर आहे, दार अडवायला ठेवा, असं प्रेमाने सांगितलं. ते भांडत बसले आणि मी ताटल्या चाळायला लागले.

तिसऱ्या ताटलीत तो काप होता. सहा ग्रॅम, ताजा कापलेला, करडा, मधून एक तांबूस शीर. तसली शीर जगात दोनच ठिकाणी आहे, आमच्या दगडात आणि डेल्बर्टच्या नाकावर. हा डेल्बर्टच्या तुकड्यातलाच काप. पण घाई दाखवली की भाव चढतो, म्हणून मी आधी वाळवंटातले चार दगड उचलले, कुणाला गंजका म्हटलं, कुणाला कोळसा म्हटलं, आणि मग सहज त्या कापाची किंमत विचारली.

“मॅडम रोवीना,” लाहसन चहा ओतत म्हणाला, “बाकी सगळ्यांना तुम्ही शिव्या घातल्यात. ह्याला नाही घातलीत. सहाशे डॉलर.”

शेवटी साडेचारशे आणि माझ्या निवडुंगाच्या जॅमच्या दोन बरण्यांवर जमलं. कुणाकडून आला, ते सांगायला तो तयार नव्हता. मला गरजही नव्हती. दोनशे तीनमधून सहा गेले, वर थोडा भुगा. म्हणजे आता माझा मोठा. मी त्या खोलीतून निघाले ती जवळजवळ पळतच, ह्या गुडघ्यांनी.

डेल्बर्टची खोली पोहण्याच्या तलावाशेजारी. जाताना मी एकोणीस वर्षं साठवलेली वाक्यं घोकत होते. तो टेबलामागे बसला होता, दोन्ही हात मांडीखाली दाबून. समोर त्याचा दगड, पण कार्ड नव्हतं. मी काप त्याच्यापुढे आपटला.

“माझी कीव आली का तुला? स्वतःचा कापून मला जिंकवतोस?”

“तुझी कीव? डोकं फिरलंय का? नुसतं दगडाचं कापलेलं तोंड साफ करायला करवतीला लावला. हात सरकला.”

“तुझा हात सरकत नाही, डेल्बर्ट. चार ग्रॅमच्या वेळीही नव्हता सरकला.”

“तेव्हा मुद्दामच ठेवले होते,” तो म्हणाला आणि उजवा हात काढून टेबलावर ठेवला.

हात थरथरत होता. काचेवरचे बारके दगड त्याच्यासोबत वाजत होते. ऑक्टोबरमध्ये डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, करवत विकून टाकली, एवढंच तो बोलला. मग डाव्या हाताने एक कोरं कार्ड आणि पेन माझ्याकडे सरकवलं. टेबलाखाली दहा-बारा कार्डं चुरगळून पडली होती.

“तूच लिही. मुख्य तुकडा तुझ्याकडे.”

मी नाही म्हटलं. मला रडू येत होतं आणि त्याचा भयंकर राग येत होता. मला ह्याला हरवायचं होतं, चांगल्या धडधाकट ह्याला, आणि ह्याने तेवढंही मला मिळू दिलं नाही.

“माझ्या टेबलावर खोटं कार्ड राहणार नाही, रोवीना. लिही.”

खोटं कार्ड आमच्यात कुणीच ठेवत नाही. दगड विकला गेला, माणूस मेला, तरी कार्ड पुढे जातं. मी लिहिलं. त्याने चष्मा लावून बराच वेळ वाचलं.

“कोंबडीचे पाय आहेत,” तो म्हणाला.

त्याच्या बाकीच्या दगडांची लिहायची राहिलेली कार्डं मी मागितली. चाळीस निघाली. मी पलीकडची खुर्ची ओढून बसले, आणि संध्याकाळपर्यंत तो सांगत गेला, मी लिहीत गेले.