कारचं तेल

मोटारसायकलीत कुठलं तेल घालायचं, हे बाबासो मगदूम दुसऱ्या कुणाला विचारतील ही गोष्टच अशक्य. उभा जन्म धान्याच्या पेढीवर काढलेला माणूस. महाग ते चांगलं, हा त्यांचा सरळ हिशेब. लेकीकडे गगनबावड्याला जायचं ठरलं, तसं त्यांनी अंगणात गाडीचं जुनं तेल स्वतःच सोडलं आणि मुलानं, सम्मेदनं, आपल्या कारसाठी आणून ठेवलेला भारी तेलाचा डबा फोडला.

"डब्यावर कारचं चित्र हाय की," अक्काताई म्हणाल्या.

"चित्र कुठं इंजिनात जातंय?"

बायको शहाणपणाचं बोलली की बाबासोंना चेव चढायचा. त्यांनी शेवटचा थेंबसुद्धा निथळून ओतला.

एवढा खटाटोप कशासाठी, तर आज गाडी कुठं अडायला नको होती. त्यांच्या जैन घरातल्या लेकीनं, आदितीनं, राजवीरशी जातीबाहेर लग्न केलं, तेव्हापासून अक्काताईंनी तिच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. बाबासो गुपचूप लेकीला भेटून यायचे, पण आईचा राग म्हणजे दगडावरची रेघ. तीच आई गेल्या आठवड्यात आपण होऊन फोनवर म्हणाली, "चतुर्दशीला येतो. माझं एकाशन असतंय, दिवसातनं एकदाच जेवण. ते तुझ्या हातचं जेवतो आणि शेवटच्या एसटीनं का असंना, माघारी येतो. राहायचं म्हणू नको." आदितीला तेवढंही पुष्कळ होतं. ती शिकवायची ती शाळा सुटल्यावर, पण दिवस मावळायच्या आत ताटावर बसायचं होतं. मावळतीनंतर अक्काताई पाण्याचा घोटही घेत नसत, आणि दिवसाही धर्माप्रमाणं गाळलेलंच पाणी पीत.

कळे गावापर्यंत गाडी सुतासारखी गेली. बाबासो मनातल्या मनात तेलाची तारीफ करत होते. असळज मागं पडलं, चढ लागला आणि गाडीनं रंग दाखवला. मूठ पिळावी तसं इंजिन बोंबलायचं, चाक मात्र जागचं हलायला मागेना. शेवटी त्यांनी गाडी कडेला घेतली आणि कोल्हापूरच्या खिजर मिस्त्रीला फोन लावला.

"मामा, कारचं तेल घातलासा व्हय?" खिजर म्हणाला. "मोटारसायकलीचा क्लच त्याच तेलात बुडलेला असतोय. कारचं तेल लई बुळबुळीत, प्लेटा धरतच न्हाईत. आता पहिल्या गेरात हळू न्या. सकाळी मी तेल घिऊन येतो."

अक्काताईंनी सगळं ऐकलं. डब्यावरच्या चित्राचा त्यांनी शब्दही काढला नाही, आणि बाबासोंना तेच जास्त लागलं. मोठ्या चढांना त्या उतरून चालत होत्या. पोटात सकाळपासून काही नव्हतं. ऊन डोंगरावर सरकत गेलं, मग तिथूनही गेलं.

गगनबावड्यात पोचले तेव्हा दिवे लागले होते. आदिती दारातच उभी होती. मागं पाट मांडलेला, ताट झाकलेलं. तिनं आईकडं पाहिलं, आभाळाकडं पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"नव्हतं जेवायचं तर तसं सांगायचंस, आई."

"तिला बोलू नको," बाबासो म्हणाले. "चुकीचं तेल मी घातलो. ती सांगत होती, मी ऐकलो न्हाय." असलं वाक्य त्यांच्या तोंडून त्या घरातल्या कुणीच कधी ऐकलं नव्हतं. त्यांना स्वतःलाही ते परकं वाटलं.

राजवीर हळूच म्हणाला, "गाडी राहू दे इथंच, शेवटच्या एसटीला वेळ हाय अजून. मी सोडतो स्टँडवर."

अक्काताईंनी पायातल्या चपला काढून भिंतीकडं सारल्या.

"जेवायला आलोय, जेवल्याबिगर कशी जाऊ?" त्या लेकीला म्हणाल्या. "सकाळी ऊन वर आलं की वाढ. आता नेसायला तुझी एक साडी दे. आणि सकाळच्याला पाणी? गाळलेलं असतंय का तुमच्यात?"

आदितीनं नुसता आत हात केला.

अक्काताई आत गेल्या, बाबासो त्यांच्या मागोमाग. नळाच्या तोंडाला दुहेरी घडीचं पांढरं फडकं बांधलेलं होतं, धुऊन धुऊन विरलेलं.

"मी न्हाय बांधत," आदिती मागून राजवीरकडं बघत म्हणाली. "रोज हेच बांधत्यात."

अक्काताईंनी फडकं बोटांनी चाचपलं. मग तिथंच, नळाला धरून, त्या हमसून हमसून रडल्या.